न जुळणारे जंतू टाकू नकोस

प्रिय मुली,

हे पत्र पुढे वाचण्याआधी लॅबमध्ये जा. खरंच जा. तुझ्या मेलच्या अगदी शेवटी, काही विशेष नाही अशा थाटात, तू लिहिलं आहेस की त्या आठ प्लेट्स शुक्रवारी ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेत मारून टाकायला, जाणार आहेत. त्या थांबव. मावशींना सांग, झाकणावर लाल पेनानं लिही, फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सरकव, काहीही कर. मग ये आणि वाच.

आता बोलू.

तुझी अडचण माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला ती नीट कळली की नाही ते तुला कळेल. आयसीयूतल्या रुग्णांकडून आलेले शंभर जंतू. रक्त, लघवी, व्हेंटिलेटरवरच्यांचं ट्रॅकियल सिक्रीशन. दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर झालेलीच इन्फेक्शन्स घेतलीस, ते बरं केलंस. प्रत्येकाची डिस्क टेस्ट केली, म्हणजे जंतूच्या प्लेटवर औषधाची टिकली ठेवून भोवतीची वाढ थांबते का बघितलं, आणि प्रत्येकाचा पीसीआर केला, म्हणजे औषध हरवणारं जनुक आहे का ते शोधलं. ब्याण्णव जुळले. आठ जुळले नाहीत. काहींच्या जेलवर एनडीएमचा किंवा ऑक्सा-४८ चा, म्हणजे मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधं तोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचा, स्वच्छ बँड आहे, पण प्लेटवर मेरोपेनेम चालतंय. उरलेल्यांत उलटं. प्लेटवर मेरोपेनेमच्या डिस्कला खेटून वाढ, आणि जेल कोरी. सर म्हणाले, "हे आठ वगळ, दुसरे आठ घे, शंभर पुरे कर." नाशिकच्या विद्यापीठाची तारीख डोक्यावर आहे. आणि रात्री दीड वाजता तू मला विचारतेस, "मॅडम, जनुक खरं की प्लेट खरी?"

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझी दया आली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दोन्ही सहन कर.

आधी हातातलं काम. आठही जंतू पुन्हा ताज्या प्लेटवर काढ आणि सुटी कॉलनी मिळते का बघ. पुष्कळदा हे "न जुळणं" म्हणजे प्लेटवर दोन जंतू असणं, एवढंच निघतं. डिस्कला एक गेला, पीसीआरला दुसरा. शुद्ध आहे अशी खात्री झाली की प्रत्येकाच्या दोन-दोन कुप्या भर. ट्रिप्टिक सोय ब्रॉथ, त्यात १५ ते २० टक्के ग्लिसरॉल, आणि उणे ८० अंशांचा फ्रीजर. एक कुपी कामाची, एक हात न लावण्याची. कुपी वितळवायची नाही. वरचा बर्फ सुईनं खरवडायचा आणि परत ठेवायची. उणे ८० मिळत नसेल तर रडत बसू नकोस. छोट्या बाटलीत न्यूट्रिएंट अगार घे, सुईनं खोलवर टोच, झाकण पॅराफिननं बंद कर आणि अंधाऱ्या कपाटात ठेव. क्लेबसिएला आणि ई. कोलाय अशा बाटलीत महिनोन्‌महिने तग धरतात. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नकोस. तो कप्पा स्वतःच दर काही तासांनी गरम-थंड होतो आणि तुझे जंतू त्यातच मरतात.

आणि एक. सारखं साध्या मिडियावर सबकल्चर करत राहू नकोस. एनडीएमसारखी जनुकं बहुतेक वेळा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसलेली असतात. औषधाचा धाक उरला नाही की काही जंतू ते ओझं टाकून देतात. मग महिन्यानं तू पीसीआर करशील, निगेटिव्ह येईल आणि म्हणशील, आधीचा रिपोर्ट चुकला होता. पुन्हा काढताना मेरोपेनेमची डिस्क टाक आणि झोनच्या, म्हणजे डिस्कभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाच्या, कडेची वाढ उचल.

जंतू टाकू नकोस. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. कंटाळलीस तरी लिहिणार आहे.

आता तुझा प्रश्न. तो तसा विचारून चालणार नाही. पीसीआर एवढंच सांगतो की या ट्यूबमध्ये अक्षरांची ही ओळ आहे. प्लेट सांगते की हा जंतू या औषधासमोर उद्या सकाळपर्यंत वाढेल की नाही. ओळ असणं आणि जंतूनं ती वापरणं, यांच्या मधे बरंच काही घडतं. ते काय घडलं, हाच तुझा थीसिस आहे. ब्याण्णव जुळलेले जंतू म्हणजे तुझ्याआधी शंभर लोकांनी लिहून ठेवलेलं तू पुन्हा लिहिणं. नवीन जे काही आहे ते या आठांत आहे, आणि तू नेमकं तेच कचऱ्यात घालायला निघालीस.

बँड आहे पण औषध चालतंय, हा ढीग आधी घे. पहिली शंका स्वतःच्या टेबलावर घ्यायची. निगेटिव्ह कंट्रोलच्या लेनमध्ये काही दिसतं का? अगदी पुसटसं? पीसीआरनं एकदा अब्जावधी प्रती काढल्या की त्या पिपेटवर, हातमोज्यांवर, दाराच्या मुठीवर असतात. मिक्स बनवायची खोली, डीएनए घालायची जागा आणि जेल चालवायची जागा वेगवेगळी असायला हवी, आणि जेलच्या खोलीतून मिक्सच्या खोलीत त्याच अ‍ॅप्रननं जायचं नाही. तुमच्याकडे तिन्ही कामं एकाच ओट्यावर चालतात हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते, सुट्या कॉलनीतून नव्यानं डीएनए काढ आणि पुन्हा कर. त्यासाठी काय हवं? तो जंतू हवा.

पुन्हाही बँड आला तर मजा सुरू होते. ऑक्सा-४८ च्या घराण्यातली एन्झाइम्स मेरोपेनेम फार हळू तोडतात. आपल्याकडे त्यातली ऑक्सा-१८१ आणि ऑक्सा-२३२ भरपूर दिसतात. असा जंतू डिस्कवर सहज "सेन्सिटिव्ह" म्हणून सुटतो. आता तुझी वही उघड आणि झोन बघ. एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी, म्हणजे ई. कोलाय-क्लेबसिएलाच्या गटासाठी, मेरोपेनेमचा झोन २३ मिलिमीटर किंवा जास्त असला की आपण 'एस' लिहितो. पण तुझ्या कंट्रोलच्या ई. कोलायचा, एटीसीसी २५९२२ चा, झोन २८ च्या पुढे असतो की नाही? मग २३ आणि २४ वाल्या जंतूला त्याच 'एस'च्या पिशवीत भरून मोकळं कसं होता येईल? त्याला एर्टापेनेम हे त्याच घराण्यातलं दुसरं औषध लाव, आणि जंतू कार्बापेनेम तोडतो का हे दाखवणारी एमसीआयएम टेस्ट कर. दहा मायक्रोग्रॅमची मेरोपेनेमची डिस्क जंतूसोबत ब्रॉथमध्ये चार तास ठेवायची आणि मग ई. कोलायच्या लॉनवर टाकायची. जंतूनं औषध खाल्लं असेल तर ई. कोलाय डिस्कपर्यंत वाढतो. प्लेट, डिस्क आणि एक ट्यूब, बस. सोबत ईडीटीए घालून ईसीआयएम केलंस तर एन्झाइम जस्तावर चालणारं आहे का, म्हणजे एनडीएमच्या जातीचं आहे का, तेही कळतं. आणि हो, एनडीएमला जस्त लागतं म्हणून म्युलर-हिंटन या मिडियाची बाटली बदलली की झोन बदलू शकतो. कुठल्या बॅचवर केलं होतं, ते लिहिलंयस का? नसेल. शोध.

अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर मात्र एमसीआयएम करत बसू नकोस, ती टेस्ट त्याच्यासाठी नाही. आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुझ्या तक्त्यात "ऑक्सा-५१ पॉझिटिव्ह, शंभर टक्के" असं मोठ्या दिमाखात लिहिलं आहेस. अगं, ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनीच्या गुणसूत्रात जन्मतःच असतं! ते दिसलं म्हणजे जंतू बॉमनी आहे, एवढंच कळलं. त्याच्या पुढ्यात आयएसएबीए-१ नावाचा सरकता तुकडा येऊन बसला तर ते जोरात चालू होतं, आणि मगच औषध हरायला लागतं. आपल्या आयसीयूंमध्ये खरा गुन्हेगार बहुधा ऑक्सा-२३ असतो. हे तुला सिनॉप्सिसच्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता दुसरा ढीग. जेल कोरी, प्लेटवर औषध निकामी. इथे आधी बघ की ट्यूबमध्ये डीएनए होता का. उकळून काढलेल्या डीएनएत काय काय गाळ असतो, कोण जाणे. सोबत १६एसचा, म्हणजे प्रत्येक जंतूत असतंच अशा जनुकाचा, पीसीआर ठेव. तोही कोरा आला तर तुझी टेस्ट झालीच नाही, निगेटिव्ह आली असं म्हणायचं नाही. १६एस आला आणि बाकी सगळं कोरं, तर लक्षात ठेव की तू ओळखपरेड घेते आहेस. ज्यांचे फोटो हातात आहेत तेच सापडणार. मोठ्या रुग्णालयांतल्या तयार पीसीआर कार्ट्रिजचंही तेच. पाऊण तासात उत्तर देणारं कार्बा-आर पाच घराणी बघतं: केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८. सहावा कोणी असेल तर ते त्याला ओळखत नाही आणि कागदावर शांतपणे "नॉट डिटेक्टेड" छापतं. आयसीयूतला थकलेला रेसिडेंट ते "औषध चालेल" असं वाचतो.

शिवाय प्रत्येक जंतूला बाहेरून जनुक आणावं लागतंच असं नाही. सुडोमोनासच्या अंगावर ओपीआरडी नावाचं एक दार असतं, इमिपेनेम त्यातूनच आत जातं. त्या जनुकात एक अक्षर चुकलं, मधेच पूर्णविराम आला, की दार बंद. कार्बापेनेमेजचं एकही जनुक नाही आणि इमिपेनेम निकामी. क्लेबसिएला ओएमपीके-३५ आणि ३६ ही दारं बंद करते, आत सीटीएक्स-एम-१५ सारखं ईएसबीएल, म्हणजे पेनिसिलिनच्या नात्यातली इतर औषधं तोडणारं एन्झाइम, असतंच, आणि दोन्ही मिळून कार्बापेनेमला पुरून उरतात.

इथे मला तुझ्या शीर्षकाबद्दल बोलायचं आहे. "जनुकं आणि उत्परिवर्तनं" असं तू लिहिलं आहेस. उत्परिवर्तनं कुठे आहेत? तू फक्त बँड आहे-नाही एवढंच बघितलंस. ई. कोलायमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन हरतं ते बहुतेक वेळा जीवायआरए जनुकात ८३ व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आल्यामुळे, मग ८७ वी जागा बदलते, मग पीएआरसीमध्ये ८० वी, आणि एकेका बदलासोबत एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा, वर चढते. जीवायआरए हे जनुक प्रत्येक ई. कोलायमध्ये असतंच. ते नसेल तर तो जगणारच नाही. बँड सेन्सिटिव्हचाही येतो, रेझिस्टंटचाही येतो, आणि जेलवर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. अक्षरं वाचल्याशिवाय काही कळणार नाही. निदान पाच-दहा सँगर सिक्वेन्सिंगला पाठव, नाहीतर शीर्षकातला तो शब्द काढ.

एकच उत्परिवर्तन असं आहे जे तुझ्या गरीब जेलवरही डोळ्यांना दिसू शकतं, आणि मला ते फार आवडतं. कोलिस्टिन. तुझ्या यादीत एक क्लेबसिएला कोलिस्टिनला रेझिस्टंट आहे आणि एमसीआर, म्हणजे कोलिस्टिनला हरवणारं बाहेरून येणारं जनुक, निगेटिव्ह, म्हणून तू त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहेस. चीनमधून एमसीआर-१ ची बातमी २०१५ च्या नोव्हेंबरात आली तेव्हापासून सगळे त्याच्याच मागे धावतात. आपल्याकडच्या क्लेबसिएलात मात्र बहुतेक वेळा गोष्ट एमजीआरबीची असते. अवघ्या ४७ अमिनो आम्लांचं एवढंसं प्रथिन, पण ते ब्रेकचं काम करतं. ते मोडलं की जंतू आपल्या बाहेरच्या आवरणावरचा ऋण भार कमी करतो, आणि धन भाराचं कोलिस्टिन चिकटायला जागाच उरत नाही. पुष्कळदा हे जनुक मोडतं ते मधे एखादा सरकता तुकडा घुसल्यामुळे. एमजीआरबीचे प्रायमर लावून जेल चालव. बँड अपेक्षेपेक्षा हजारेक अक्षरांनी मोठा आला तर काय झालंय ते तुला कुठल्याही सिक्वेन्सिंगआधी दिसेल. आधी एमआयसी मात्र ब्रॉथ मायक्रोडायल्यूशननंच, म्हणजे ब्रॉथमध्ये औषधाच्या चढत्या मात्रा लावूनच, कर. कोलिस्टिनच्या डिस्कवर विश्वास ठेवणाऱ्या लॅबचा रिपोर्ट मी वाचतही नाही. तो मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरतच नाही.

हे सगळं करायचं तर जंतू हवा. जिवंत. हातात. ट्यूबमधला डीएनए पुरत नाही, एक्सेलमधली ओळ तर मुळीच नाही.

"पण मॅडम, याचा रुग्णाला काय उपयोग?" हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या व्हायव्हाला कोणीतरी विचारेल, तेव्हा उत्तर पाठ नको, समजलेलं हवं. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम ऑक्सा-४८ वर चालतं. एनडीएमवर चालत नाही, कारण अ‍ॅव्हिबॅक्टम त्या एन्झाइमला अडवूच शकत नाही. एनडीएम अ‍ॅझट्रिओनाम तोडू शकत नाही, पण तोच जंतू सोबत बाळगत असलेली इतर एन्झाइम्स तोडतात. म्हणून दोन्ही औषधं एकत्र देतात: अ‍ॅव्हिबॅक्टम इतरांना रोखतं, अ‍ॅझट्रिओनाम काम करतं. म्हणजे कोणतं जनुक आहे, हे तासाभरात कळलं तर रात्रीच औषध बदलता येतं. प्लेटची वाट बघितली तर दोन दिवस जातात. जनुकाची टेस्ट बिनकामाची आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही, कृपा करून तसं पसरवू नकोस. पण आता पुढचं ऐक. आपल्या देशातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये पीबीपी-३ या प्रथिनात चार अमिनो आम्लं जास्तीची घुसलेली आढळतात. अ‍ॅझट्रिओनाम नेमकं तिथेच चिकटतं. ती घुसली की हे जोडऔषधही ढिलं पडतं, आणि कुठलंही कार्ट्रिज तुला ते सांगत नाही. सांगतो तो जंतू, दोन्ही औषधं एकत्र त्याच्यासमोर ठेवल्यावर. ठेवायला तो उरला असेल तर.

गुदमार्गाच्या स्वॅबमध्ये एनडीएम सापडलं म्हणजे रुग्णाचा ताप त्याचाच, हेही धरून चालू नकोस. वस्ती वेगळी, आजार वेगळा. यावर पान खर्च करत नाही, तुला येतं.

माझ्यावर एक आरोप नेहमी होतो, तो तुझ्याही कानावर आला असेल: मॅडमना मशीनची भीती वाटते, त्या जुन्या काळातल्या. आमच्या विभागात पहिलं पीसीआरचं मशीन मी आणलं. तेव्हा माझ्या खोलीत येऊन "हे खेळणं कशाला?" असं विचारणारे लोक आज मॉलिक्युलर लॅबचे प्रमुख आहेत, आणि तेच मला जुनी म्हणतात. असो.

उणे ८० चा फ्रीजर मागितला तेव्हा खरेदी समितीत एकानं विचारलं होतं, "यातून बिलिंग किती होणार?" मी म्हटलं, शून्य. पुढची काही वर्षं दर बजेटला मी तीच फाइल तोच कागद लावून पाठवत होते. विनोद व्हायचे, मॅडमना माणसांपेक्षा जंतू प्रिय. शेवटी फ्रीजर आला. मग एका मे महिन्यात वीज गेली, जनरेटरची लाइन आयसीयू आणि ओटीला होती, फ्रीजरला नव्हती, आणि कुणाला ते आमच्या विभागाला कळवावंसंही वाटलं नाही. सकाळी दार उघडलं तर पाणी. आम्ही होती नव्हती ती माणसं बसवून दिवसभर कुप्यांतून स्टॅब, म्हणजे टोचून भरलेल्या त्या छोट्या बाटल्या, बनवले. बरेच वाचले, काही गेले. बाटल्या आणि अंधारं कपाट मी तुला सांगते ती पुस्तकातून आलेली नाहीत.

हा हट्ट कुठून आला ते मी कुणाला फारसं सांगत नाही. नव्वदचं दशक होतं, मी नुकतीच लेक्चरर झाले होते. नवजात बालकांच्या विभागात क्लेबसिएला येत होती. एकेक बाळ, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं, म्हणून आधी कुणाला साखळी दिसली नाही. जेव्हा दिसली तेव्हा मुंबईत एका ठिकाणी पल्स्ड-फील्ड जेलची, म्हणजे दोन जंतू एकाच वंशाचे आहेत का हे ताडून बघायची, सोय होती, ते लोक करून द्यायला तयार होते. सिंकमधला जंतू आमच्याकडे होता, शेवटच्या बाळांचे होते. पहिल्या बाळांचे नव्हते. सात दिवसांनी प्लेट्स ऑटोक्लेव्ह करायच्या, हा तिथला नियम, आणि नियमाप्रमाणे त्या गेल्या होत्या. सगळ्या बाळांचा जंतू एकच होता का, तो सिंकमधून आला की सलाइनच्या बाटलीतून की कुणाच्या हातांवरून, हे आजतागायत कुणालाच माहीत नाही. त्या आयांना काय सांगितलं गेलं तेही मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही.

आता याच्या उलट बघ. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ साली केपीसीवाली क्लेबसिएला पसरली. पहिली रुग्ण जुलैच्या मध्यावर घरी गेली, दुसरा रुग्ण सापडला ऑगस्टच्या सुरुवातीला. मधे तीन आठवडे काहीच नाही. कुणीही म्हणालं असतं, हे दोन वेगळे. एकूण १८ रुग्णांत ती सापडली, ११ दगावले, त्यांतल्या सहांचा मृत्यू या इन्फेक्शननं झाला. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या जंतूचा संपूर्ण जीनोम वाचला, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या अक्षरांच्या फरकावरून कोणाकडून कोणाकडे गेला त्याची साखळी लावली आणि ती पहिल्या रुग्णापर्यंत नेली. हे जमलं, कारण पहिल्या रुग्णाचा जंतू फ्रीजरमध्ये होता.

त्याहून जुनं सांगते. एव्हरिट मरे नावाच्या एका माणसानं १९१७ पासून १९५४ पर्यंत आतड्यातले जंतू जमवले, वेगवेगळ्या देशांतून, बहुतेक अँटिबायोटिक्स वापरात येण्याच्या आधीचे. सीलबंद करून ठेवले. कशासाठी, ते त्याला तरी नेमकं कुठे ठाऊक होतं? त्यानं जमवायला सुरुवात केली तेव्हा प्लास्मिड हा शब्दही जन्मला नव्हता. १९८३ साली नेओमी डाटा आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी ते उघडून तपासले आणि दाखवलं की प्लास्मिडं तेव्हाही होती, आजच्याच घराण्यांतली. त्यांच्यावर औषधविरोधी जनुकं मात्र जवळजवळ नव्हती. म्हणजे गाडी जुनीच, माल आपण भरला. हा पुरावा जगात दुसऱ्या कुठल्या मार्गानं मिळाला असता, सांग बरं. आणि तुझा रोजचा एटीसीसी २५९२२? तोही १९४६ साली सिएटलमध्ये एका रुग्णाच्या नमुन्यातून निघाला. कुणीतरी टाकला नाही, म्हणून आज तुझ्या नेरुळ-कामोठ्याच्या बाजूला बसून तू झोन मोजते आहेस.

सरांशी कसं बोलायचं ते सांगते. भांडू नकोस. मी भांडायचे, त्यानं फ्रीजर आला पण बढती गेली, आणि तुझा थीसिस अजून सहीला जायचा आहे. सर वाईट नाहीत. त्यांच्या गळ्यात सहा विद्यार्थी, लॅबच्या मान्यतेचं एनएबीएलचं ऑडिट आणि रोजचं रिपोर्टिंग आहे. "वगळू की नको?" असं विचारत जाऊच नकोस, कारण त्या प्रश्नाला थकलेला माणूस एकच उत्तर देतो. आठही पुन्हा कर, एक पानी तक्ता घेऊन जा, आणि म्हण, "सर, यांचं वेगळं टेबल करते, चर्चेच्या प्रकरणात दोन पानं होतील." दोन पानं म्हटलं की गाईड नाही म्हणत नाहीत. तरीही म्हणाले तर एवढंच विचार की एथिक्स कमिटीला दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये "न जुळलेले वगळले जातील" असं आपण कुठे लिहिलं आहे. नम्रपणे विचार. ब्याण्णव शुद्ध जुळणी दाखवून थीसिस पास होईलही. पण मग तुझ्या आकड्यावर विसंबून कुणीतरी एखाद्या आयसीयूत पीसीआर निगेटिव्ह बघून मेरोपेनेम चालू ठेवेल.

आता तुझ्या मेलचा दुसरा परिच्छेद, ज्याबद्दल मी मुद्दाम अजून बोलले नाही. हे सगळं सोडून ऐरोलीच्या त्या कंपनीत बायोइन्फर्मॅटिक्सला जावं का? कारण तिथे "निदान डेटा स्वच्छ असतो." कुणी सांगितलं? एएमआरफाइंडर किंवा कार्ड किंवा रेसफाइंडर अशी संगणकावरची साधनं लावून तू जीनोममधून जनुकांची यादी काढशील, आणि पहिल्याच आठवड्यात यादी आणि एमआयसी जुळणार नाही. तेव्हा तू कुणाला विचारशील? जंतू त्या कंपनीकडे नसणार. तुझ्यासारख्या कुणीतरी, तुझ्यासारख्याच एका शुक्रवारी, तो ऑटोक्लेव्हला घातलेला असणार.

जायचं तर जा. खरंच. मला पीएच.डी. करायची होती, जीनोमकडे जायचं होतं, ठाण्यातल्या त्या एका बेंचपाशी आयुष्य गेलं आणि माझ्या नावावर सांगण्यासारखा एकही मोठा पेपर नाही. त्याचं वाईट वाटत नाही असं खोटं बोलणार नाही. पण माझे जंतू आहेत. तीन वेगवेगळ्या लोकांनी गेल्या काही वर्षांत ते मागून नेले, एकानं त्यातल्या जुन्या क्लेबसिएलांचे जीनोम वाचले. आभारांत विभागाचं नाव आलं, माझं नाही. चालतं. म्हणजे, चालवून घेते. तू मात्र चालवून घेऊ नकोस, देताना कागद करून दे.

या आठांतले जे तुला उलगडणार नाहीत ते माझ्याकडे आण. आणताना ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत पर्समध्ये जंतूची ट्यूब टाकून येशील, मी तुला ओळखते. ते चालणार नाही. बंद कुपी, तिच्याभोवती शोषणारा कापूस, गळणार नाही असा दुसरा डबा, बाहेर कडक खोकं, वर लेबल, आणि लॅबच्या गाडीनं किंवा कुरिअरनं. सरांच्या सहीचं पत्र सोबत. रुग्णाचं नाव कुठेही नको, फक्त तुझा नंबर.

त्याआधी मला रविवारपर्यंत आठही जंतूंची यादी पाठव. कोणत्या नमुन्यातून आला, रुग्ण दाखल होऊन किती दिवसांनी, कोणती औषधं आधी चालू होती, कोणत्या प्लेटवर, मिडियाची बॅच कोणती, १६एस आला का, निगेटिव्ह कंट्रोल कोरा होता का. आणि झोन मिलिमीटरमध्ये लिही. 'एस' आणि 'आर' लिहून पाठवलंस तर मी यादी उघडणारसुद्धा नाही.

तुझी,
मॅडम